फरक स्पष्ट होत नाही

उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. महिनाभर कपाटात कोंडून राहिलेल्या कागदांना येतो तसा, थंड आणि किंचित कडवट. फेब्रुवारी संपत आला होता. वृत्तपत्रविद्येच्या आमच्या विभागामागचा पर्जन्यवृक्ष पानं गाळू लागला होता आणि त्याच्या विरळ झालेल्या फांद्यांतून ऊन थेट बाकांवर उतरत होतं. मॅडम एकेकाचं नाव घेत होत्या आणि उठून गेलेला प्रत्येक जण आपली पत्रिका छातीशी धरून, न उघडता जागेवर परतत होता. मी मात्र माझी पत्रिका तिथेच, टेबलाशी उभ्याउभ्याच उघडली. खोडदसारख्या गावातून पुण्याला शिकायला आलेल्या मुलीला कधीकधी एक अकारण आत्मविश्वास येतो, तो त्या सकाळी माझ्या अंगात होता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना मला वेळेचं भान राहिलं नव्हतं. सात पानं लिहून झाल्यावर हात दुखतो आहे हेही उशिरा कळलं होतं. त्या उत्तराला वीसपैकी सात गुण मिळाले होते.

पहिल्या पानाच्या समासात तांबड्या शाईत लिहिलं होतं, ‘भाषा सुंदर.’ दुसऱ्या पानावर, ‘उद्योग कुठे आहे?’ चौथ्या पानावर एका परिच्छेदाशेजारी नुसतं ‘छान’ आणि सहाव्या पानावर, जिथे माझ्या मते त्या उत्तराचा प्राण होता, तिथे दोनदा अधोरेखित केलेलं एक वाक्य: ‘फरक स्पष्ट होत नाही.’ पुढच्या वर्षी चित्रपट-अभ्यासाच्या गटात जायचं तर या पेपरात पन्नासपैकी पंचवीस गुण आवश्यक होते आणि माझी बेरीज बावीसवर अडली होती. ज्या गटासाठी मी घरच्यांची समजूत घालून पुण्यात आले, तो गट तीन गुणांनी हातचा गेला होता. आणि गेला होता तोही अशा उत्तरामुळे की जे त्या वर्गात माझ्याखेरीज कुणालाच लिहिता आलं नसतं.

प्रश्न होता चित्रपट-उद्योगाच्या निर्मितीप्रक्रियेतील स्थानिक व्यक्तींच्या सहभागाविषयी. बाकीच्यांनी नोट्समधल्या व्याख्या आणि निर्मितीचे टप्पे लिहिले. मी माझ्या आईविषयी लिहिलं.

मी तिसरीत असताना, नव्वदचं दशक अर्ध्यावर आलेलं असताना, आमच्या वस्तीवर एका चित्रपटाचं युनिट उतरलं होतं. पौषातले दिवस, सकाळी हरभऱ्याच्या घाट्यांवर दव, आणि त्या दवातून दोन मोटारी आणि एक जनरेटर हळूहळू आत आले. कथा जुन्या काळातली होती म्हणून त्यांना जुनं गाव हवं होतं. आणि आमच्या शिवारात तर त्याच सुमारास आकाशाचा वेध घेणाऱ्या दुर्बिणीच्या अजस्र, जाळीदार तबकड्या उभ्या राहत होत्या. कॅमेरा सदैव त्यांच्याकडे पाठ करून उभा राही. द्राक्षबागेच्या तारा दिसल्या की दिग्दर्शक हात हलवी, विजेचा खांब आला की कॅमेरा दोन पावलं बाजूला सरके, आणि असं सरकत सरकत अखेर ते सगळं लटांबर माझ्या चुलत्यांच्या बांधीव विहिरीशी येऊन थांबलं. त्यांच्या मनातल्या गावाशी जुळणारी तेवढी एकच जागा आमच्याकडे होती.

प्रसंग साधा होता. नवी सून पहिल्यांदाच पाण्याला येते, विहिरीची खोली पाहून भेदरते, आणि तिथली एक जाणती बाई तिला धीर देते. नायिका झालेली मुलगी मुंबईची, जेमतेम एकोणीस वर्षांची. जाणत्या बाईसाठी त्यांनी माझ्या आईला निवडलं, कारण वस्तीतल्या इतर बायका पदरात तोंड लपवून हसत असताना तिने एकटीनेच सहायकाला, असं कुणी बोलतं का, म्हणून त्याच्या हातातल्या संवादांच्या कागदावरून सुनावलं होतं. मग तो म्हणाला, ‘तुमच्या भाषेत बोला.’ आम्ही शाळेतली पोरं दोरीच्या अलीकडे उभी होतो. आई बोलली आणि सारं युनिट हसलं, कुणी टाळ्याही वाजवल्या, एवढं मला लख्ख आठवतं. माझ्या उत्तरपत्रिकेत मी तिचं वाक्य असं उद्धृत केलं होतं: ‘मुली, विहिरीकडे पाहू नकोस, दोराकडे पाहा. विहीर कुठे जात नाही.’

वर्षभराने तो चित्रपट जुन्नरच्या थिएटरात लागला. वस्तीवरच्या चौदा बायका टेम्पोत बसून गेल्या, आणि आईच्या मांडीवर मी. थिएटरात तंबाखूचा, ओल्या गोणपाटाचा आणि गर्दीचा मिळून एक उबट वास होता. विहीर आली, नायिका आली, आणि पडद्याच्या उजव्या कडेला, डोक्यावरून पदर पुढे ओढलेली माझी आई आली. तोंड अर्धवट दिसत होतं. आणि त्या तोंडातून एक चिरका, परका आवाज बाहेर पडला. कुणा भलत्याच बाईचा. शब्दही भलतेच. बायकांत कुणीतरी खुदकन हसलं. आई हसली नाही. परतीच्या वाटेवर सगळ्या जणी गाणी म्हणत होत्या, तेव्हाही ती टेम्पोच्या फळीला टेकून बाहेर, अंधारू लागलेल्या शेतांकडे पाहत राहिली. तिच्या त्या गप्प बसण्याचा मी नऊ वर्षं एकच अर्थ लावला: तिचा आवाज चोरीला गेला होता.

परीक्षेत मी हाच अन्याय मांडला. तिचं मूळ वाक्य आणि चित्रपटातलं वाक्य एकाखाली एक लिहिलं. पुढे ओढलेल्या पदरावर तर एक परिच्छेद खर्ची घातला. नागर दृष्टीला ग्रामीण स्त्री अवगुंठित, मूक आणि म्हणूनच पवित्र कशी हवी असते वगैरे. मॅडमचं एकमेव ‘छान’ त्या परिच्छेदाला होतं.

दुपारी मी मॅडमच्या खोलीत गेले. त्या वाईट स्वभावाच्या नव्हत्या. त्यांनी बसायला सांगितलं, समोरच्या थर्मासमधून अर्धा कप चहाही दिला. मी न थांबता बोलत राहिले. नोट्स उतरवणाऱ्यांना सोळा आणि जगलेलं लिहिणाऱ्याला सात, हा कुठला न्याय. उद्योग कुठे आहे असं तुम्ही विचारता, अहो, तो आमच्या विहिरीवर आला होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, ‘तुझी आई नेमकं काय म्हणाली होती?’

मी पत्रिकेतलं वाक्य म्हणून दाखवलं.

‘आणि सिनेमात?’

‘विहिरीत वाकू नकोस, बाई, तोल जाईल.’

त्यांनी विचारलं, ‘मग फरक काय?’

फरक पृथ्वीएवढा आहे हे मला ठाऊक होतं आणि तो ओठांवर येत नव्हता. शेवटी, तुम्हाला तो कळणार नाही, असं काहीतरी उद्धट बोलून मी उठले. त्यांनी मला थांबवलं नाही. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाची मुदत आठवड्याभराची आहे, एवढंच सांगितलं. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शिवाजीनगरहून एसटीत बसले तेव्हाही राग ओसरला नव्हता. चाकणनंतरचा उजाड माळ, मंचरच्या बाजारातल्या कांद्यांचा उग्र वास, कळंबच्या पुढे रस्त्याकडेला पेटल्यासारखा फुललेला पांगारा, हे सारं खिडकीतून मागे जात होतं आणि माझ्या मनात मात्र मॅडमशी चाललेलं भांडण संपत नव्हतं. दर काही मैलांनी मला एक नवं, बिनतोड उत्तर सुचे. ते तिथे, त्या खोलीत का सुचलं नाही म्हणून मी आणखी चिडे. नारायणगावला उतरून खोडदच्या जीपमध्ये बसेपर्यंत मी थकून गेले होते.

घरी मेथी काढलेली होती. संध्याकाळच्या लिलावाला माल न्यायचा म्हणून आप्पा, म्हणजे माझे वडील, रानातून ओझी आणून ओट्यावर टाकत होते आणि आई जुड्या बांधत होती. ओलसर माती लागलेल्या मुळांचा, तुटलेल्या देठांचा तो हिरवा, कडवट वास अंगणभर दाटला होता. मी हातपाय धुऊन तिच्याजवळ बसले, जुडीला मूठ मूठ देऊ लागले, आणि सगळं सांगून टाकलं. गुण, गट, शेरे. तिने हातातलं काम न थांबवता ऐकलं. मग म्हणाली, ‘वाच की. बघू तरी काय लिवलंस माज्यावर.’

मी पिशवीतून पत्रिका काढली आणि वाचू लागले. दव, जनरेटर, पाठमोरा कॅमेरा. आप्पाही ओझं टाकून क्षणभर टेकले. आई मधूनच मान डोलवी. मग ते वाक्य आलं. मी जरा आवाज चढवून, भावपूर्ण वाचलं: मुली, विहिरीकडे पाहू नकोस, दोराकडे पाहा.

आईचा हात थांबला. ‘हे कोन बोललं?’

‘तूच की. विहिरीवर.’

‘मी? आगं आलके, मी आसं जन्मात कधी बोलले व्हते का?’ आणि मग हसू आवरत, पण माझ्याकडे न बघता ती म्हणाली, ‘त्या पिच्चरवाल्यांनी निदान गावची बाई तरी ठिवली व्हती. तू तर मास्तरीण केलीस माजी.’

आप्पा मोठ्याने हसले आणि पुन्हा रानाकडे गेले. मी पत्रिकेकडे पाहत राहिले. तांबड्या शाईतलं ते अधोरेखित वाक्य तिथेच होतं. परीक्षेच्या त्या शांत सभागृहात, छापील पुस्तकाला शोभेल अशा भाषेत लिहिताना, आईचं बोलणं मी किती सहजपणे धुऊन, इस्त्री करून ठेवलं होतं; आणि तेवढ्याच सहजपणे चित्रपटातलं वाक्यही. दोन्ही एकाच आवाजात, माझ्या आवाजात. फरक स्पष्ट होत नव्हता, कारण मीच तो पुसला होता. एवढं कळूनही माझी चिडचिड निवली नाही, उलट आता ती कुणावर काढावी हे कळेनासं झालं. मी जवळजवळ ओरडूनच तिला म्हटलं, मग खरं काय बोलली होतीस ते सांग ना एकदाचं.

तिने जुडीला गाठ मारली, देठ एका रेषेत ठोकले आणि सांगू लागली. एकदा बोलले असते तर सांगितलं असतं, ती म्हणाली. त्यांनी अकरा वेळा बोलायला लावलं. मला हे ठाऊक नव्हतं. आम्हा पोरांना पहिल्या खेपेनंतरच शाळेत हाकललं होतं. पुढे दुपार कलेपर्यंत तोच प्रसंग पुन्हा पुन्हा चालला होता. कधी कॅमेरा जवळ, कधी लांब, कधी ऊन गेलं म्हणून थांबायचं; आणि दर वेळी तेच वाक्य, तसंच हवं होतं.

‘पर मी दर येळंला निराळंच बोलायची. काय करनार? ती पोरगी दर येळंला निराळी चुकायची. कधी दोर हातातून सुटायचा, कधी पाय कडंला जायचा, कधी नुसतीच रडकुंडीला यायची. मंग तिला एकच कसं सांगायचं?’

ध्वनिमुद्रणाचं यंत्र सांभाळणारा माणूस डोक्याला हात लावून बसला. लांबून घेतलेल्या चित्रात आईचे ओठ एक बोलत होते आणि जवळून घेतलेल्यात दुसरंच. आवाज मुंबईत नंतरच बसवायचा असला तरी एकाला एक जुळायला तर हवं. दिग्दर्शक चांगला माणूस होता, तिच्यावर एकदाही ओरडला नाही, हे तिने आवर्जून सांगितलं. शेवटी त्यालाच तोड सुचली. त्याने तिला पदर पुढे ओढून घ्यायला सांगितला. ओठ दिसले नाहीत की त्यांवर कुठलंही वाक्य बसतं.

मला माझा चौथ्या पानावरचा परिच्छेद आठवला आणि त्याच्या शेजारचं ते ‘छान’. पत्रिका मी हळूच मिटून घेतली.

तरीही एक प्रश्न उरला होता. थिएटरातून येताना ती गप्प का होती? तुला वाईट वाटलं नाही का, असं मी विचारलं. तिने वाळलेली एक काडी मेथीतून वेगळी केली.

‘वाटलं. आवाजाचं नाय. आवाज काय, त्यांचा धंदाच तसा. पर ती पोरगी... हाताला फोड आलं व्हतं तिच्या. आकराव्या येळंला तिनं एकटीनं घागर वर काढली, पान्यानं भरलेली. लई हासली व्हती मंग. मला वाटलं, तेवढं तरी दावतील.’

चित्रपटात घागर विहिरीत शिरते तिथेच चित्र बदलतं. पुढच्या दृश्यात सून दारात उभी असते, कमरेवर भरली घागर. मी हे कितीदा पाहिलं होतं, टीव्हीवर, रविवारच्या दुपारी. तिथे काहीतरी गळलं आहे हे मला कधीच जाणवलं नव्हतं.

सोमवारी मी मॅडमकडे गेले. आधीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली आणि आईने सांगितलेलं सगळं, शक्य तितकं तिच्याच शब्दांत, त्यांना सांगितलं. अकरा वेळा, ओठ, पदर, फोड आलेले हात. त्या लिहीत होत्या ते पेन त्यांनी खाली ठेवलं. ‘उद्योग म्हणतात तो हाच,’ त्या म्हणाल्या, ‘हे लिहायला हवं होतंस.’ मी म्हटलं, परीक्षेच्या दिवशी मला ते माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली. पुनर्मूल्यांकनात पत्रिकेत जे आहे त्याचेच गुण मिळतात, जे नंतर कळलं त्याचे नाहीत, हे त्यांनी सांगितलं नसतं तरी मला कळत होतं. त्या स्वतःच्या त्या ‘छान’विषयी काही म्हणतील असं मला उगाच वाटत होतं. त्या काही म्हणाल्या नाहीत, आणि मीही तो विषय काढला नाही. अर्ज मी भरला नाही. पुढच्या वर्षी माझं नाव जनसंपर्काच्या गटात लागलं आणि दोन वर्षं मी निमंत्रणं, पत्रकं आणि आभारपत्रांचे मसुदे शिकत राहिले. चित्रपटगटाच्या खोलीचं दार आमच्या वर्गासमोरच होतं. दुपारी त्याच्या फटीतून यंत्राचा फिरता आवाज यायचा आणि मसुद्यातलं वाक्य अर्ध्यावर राहायचं.

त्यांचं चुकलं नव्हतं, आणि माझंही सगळंच चुकलं नव्हतं. या दोन गोष्टी मला आजही एका जागी ठेवता येत नाहीत. कुणीतरी धडधडीत अन्याय केला असता तर बरं झालं असतं, असं वाटे. नुसतं रागावून मोकळं होता आलं असतं.

शिक्षण संपल्यावर मला काम मिळालं ते शेतकऱ्यांसाठी माहितीच्या ध्वनिफिती तयार करणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत. गावाकडची असल्याने माणसांशी बोलण्याचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही आळे गावी गेलो. कांदा साठवण्याविषयी बोलायला हौसाबाई नावाच्या एक पन्नाशीच्या बाई तयार झाल्या होत्या. त्यांच्या कांदाचाळीच्या सावलीत सतरंजी टाकली, ध्वनिमुद्रणासाठी सोबत आलेल्या सरांनी कानाला यंत्र लावलं, आणि हौसाबाई बोलू लागल्या. कांद्याची मान वाळून बारीक होईस्तवर चाळीत घालू नये, असं त्या सांगत होत्या. एका दमात, कुठेही न अडखळता, हातातल्या कांद्यालाच समजावल्यासारखं. तेवढ्यात आळेफाट्याच्या हमरस्त्यावरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. सरांनी बोट गोल फिरवलं. पुन्हा.

‘मावशी,’ मी म्हणाले, ‘आणखी एकदा सांगाल? आत्ता सांगितलं अगदी तसंच.’

हे शब्द बाहेर पडल्यावर मला माझाच आवाज ओळखू येईना.

हौसाबाईंनी मान डोलावली, घसा खाकरला आणि सुरुवात केली. पण ते तसंच नव्हतं. आता त्या आपल्या सासूविषयी बोलू लागल्या. एका साली सासूने घाई केली, मान हिरवी असतानाच कांदा आत भरला, आणि आषाढात अख्खी चाळ कशी वास मारू लागली; ती म्हातारी कशी दोन दिवस चाळीच्या दाराशी बसून होती, आत जायचा धीर न होऊन. आमच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. सरांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. माझं काम मला ठाऊक होतं; हात वर करायचा, हसून थांबवायचं, आणि पहिल्या वाक्यावर परत आणायचं. यातलं काय ठेवायचं, कुठे कापायचं हे उद्या पुण्यात ठरणार होतं आणि ठरवणाऱ्यांत मी नव्हते.

पत्र्यावरून उन्हाची धग खाली उतरत होती, वाळत्या कांद्यांचा गोडसर, झोंबरा वास डोळ्यांत शिरत होता. हौसाबाई क्षणभर थांबल्या. चुकलं का काही, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा हात सतरंजीवरच राहिला.

‘मग, मावशी?’ मी विचारलं. ‘पुढं काय केलं त्यांनी?’